पाड्यांचा बाजार, पाड्यांच्या हाती

नाशिक जिल्ह्यात गावाची दोन वेगळी रूपे आहेत. निफाड, येवला किंवा सिन्नरकडचे गाव म्हणजे एका जागी दाटलेले गावठाण. वेस, चावडी, मारुतीचे देऊळ, पार, त्याभोवती घरांच्या आळ्या आणि घरे संपली की शिवार. त्र्यंबकेश्वर ओलांडून हरसूलकडे किंवा दिंडोरी मागे टाकून पेठ-सुरगाण्याकडे निघाले की हे रूप संपते. तिकडे महसुली दप्तरात गावाचे नाव एकच असते, पण जमिनीवर ते चार-सहा पाड्यांत विखुरलेले असते. एक पाडा टेकाडावर, दुसरा ओहोळाकाठी, तिसरा जंगलाच्या कडेला. कुठे दहा-पंधरा घरे, कुठे पन्नास-साठ. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकर, कातकरी अशा समाजांची ही वस्ती. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांवर होती आणि तिचा सुमारे चौथा हिस्सा अनुसूचित जमातींचा होता. पेठ आणि सुरगाणा या दोन तालुक्यांत तर दर शंभर माणसांत नव्वदांहून अधिक आदिवासी आहेत. कांदा, द्राक्षे आणि कुंभमेळा यांनी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचा हा पश्चिम पट्टा. तिथल्या जगण्याचा कणा असलेला आठवडे बाजार हा या लेखाचा विषय आहे.

वस्ती अशी विखुरलेली का, याचे उत्तर शेतीत आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि उतारावर पाऊस धो धो पडतो, पण पाणी थांबत नाही. उन्हाळ्यात याच भागात बाया हंडे घेऊन झऱ्यांपर्यंत उतरतात. भाताला सपाट खाचर लागते आणि ते डोंगरात तुकड्यातुकड्यांनीच मिळते. नागली, वरई, खुरासणी उतारावर होतात. राब भाजायला पालापाचोळा आणि फांद्या जवळच्या रानातून आणाव्या लागतात. पीक उभे असताना रानडुकरांपासून ते रात्रंदिवस राखावे लागते. सगळी घरे एका जागी आणली तर कुणाचे खाचर कोसभर लांब पडेल, कुणाची नागली राखणीवाचून जाईल. म्हणून माणूस शेताजवळ आणि झऱ्याजवळ राहिला. मात्र या सोयीची किंमतही आहे. तीस घरांच्या पाड्यावर लोहार, शिंपी, कुंभार, किराणा दुकानदार किंवा धान्याचा व्यापारी पोट भरू शकत नाही. देशावरच्या मोठ्या गावात ही गरज बलुतेदारांनी भागवली. पाड्यांवर बलुत्याची तशी भरलेली घडी कधी बसली नाही. तिथे ते काम आठवड्यातून एकदा भरणाऱ्या बाजाराने केले. पाडा आणि आठवडे बाजार ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत. विखुरलेली वस्ती टिकते ती ठरलेल्या वारी एकत्र येता येते म्हणून. तसे असेल तर त्या बाजाराचा कारभार पाड्यांच्या ग्रामसभांकडे असला पाहिजे. कायद्याने तो १९९६ सालीच त्यांना देऊ केला आहे. प्रत्यक्षात तो त्यांच्या हाती पोहोचलेला नाही आणि ही उणीव आता भरून काढायला हवी.

आधी ही व्यवस्था चालते कशी ते पाहू. एका परिसरातल्या बाजारगावांनी आठवड्याचे वार आपसात वाटून घेतलेले असतात. हरसूल, ठाणापाडा, करंजाळी, बाऱ्हे, बोरगाव, उंबरठाण, अभोणा, कनाशी, घोटी ही अशी गावे. मिठा-मिरचीचा, कापडाचा, भांड्यांचा किंवा सुकटीचा व्यापारी टेम्पोत माल भरून आज या गावी तर उद्या त्या गावी पाल ठोकतो. एका गावच्या गिऱ्हाइकावर त्याचे भागत नाही, पाच-सहा गावांच्या फेऱ्यावर भागते. पाड्यावरच्या माणसाला रोज बाजार परवडत नाही, आठवड्याचा एक दिवस परवडतो. विक्रेता फिरता आणि गिऱ्हाईक आठवड्याने येणारे, अशा दोघांची गाठ घालून देणारी ही काटकसरीची रचना आहे. खुद्द नाशिक शहरात गोदाकाठी बुधवारचा बाजार भरतो आणि घोटीला शनिवारचा, हेही याच जाळ्याचे धागे. चिनी खेड्यांचा अभ्यास करणाऱ्या जी. विल्यम स्किनर यांनी १९६४-६५मध्ये दाखवून दिले की तिथल्या शेतकऱ्याचे खरे सामाजिक जग त्याच्या गावापुरते नव्हते, ते बाजाराच्या कक्षेइतके होते. साधारण अठरा गावे आणि दीड हजार कुटुंबे एका बाजाराभोवती बांधलेली असत, सोयरिकीही त्याच कक्षेत जुळत. आपल्याकडे इरावती कर्वे आणि हेमलता आचार्य यांनी आठवडे बाजारांवर केलेला अभ्यास डेक्कन कॉलेजने १९७० साली प्रसिद्ध केला. आदिवासी, ग्रामीण आणि नागरी अशा तिन्ही परिसरांत बाजाराची भूमिका त्यांनी तपासली. आठवडे बाजार हा अभ्यासाचा गंभीर विषय आहे, हे मराठी समाजशास्त्राने पन्नास वर्षांपूर्वीच ओळखले होते.

या भागाच्या राजकीय इतिहासातही बाजार मध्यभागी दिसतो. पेठ हे छोटे संस्थान होते. तिथल्या बेगमेच्या मृत्यूनंतर १८७८ साली ते इंग्रजांनी खालसा केले. सुरगाण्याचे संस्थान १९४८पर्यंत टिकले. डोंगरात सत्ता गाजवायची तर वसूल गोळा करायला आणि हुकूम पोहोचवायला लोक एकत्र सापडायला हवेत आणि ते सापडत बाजारात. म्हणूनच राग उफाळला की तोही बाजारावर निघे. १८५७च्या डिसेंबरात पेठ संस्थानात बंड झाले, तेव्हा हरसूलची बाजारपेठ लुटली गेली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक जिल्ह्यावरचा सोळावा खंड १८८३ साली निघाला. त्यात या बंडाची हकिगत आहे. ज्या जागी मीठ-कापड मिळे, त्याच जागी सावकाराची वही उघडे आणि सरकारी शिपाईही भेटे. बाजाराचा हा दुहेरी स्वभाव लक्षात ठेवूनच पुढचा विचार केला पाहिजे. बाजार पाड्याला जगाशी जोडतो आणि त्या जोडणीचा दोर कुणाच्या हाती आहे यावर पाड्याचे बरेवाईट ठरते.

आता देवाणघेवाणीकडे वळू. पाड्यावरून बाजारात काय येते हे ऋतूवर ठरते. पावसाच्या तोंडाशी शेवळे, मग कंटोली, कुरडू, टाकळा, बांबूचे कोवळे कोंब. उन्हाळ्यात करवंदे, आंबे, मोहाची फुले. सुगीनंतर नागली, वरई, उडीद, कुळीथ, खुरासणी, भात. वर्षभर कोंबड्या, अधूनमधून बोकड आणि बांबूच्या टोपल्या, सुपे, कणग्या. परत जाताना मीठ, तेल, मिरची, कांदे-बटाटे, सुके बोंबील, कपडा, विळा-कोयता, पोरांसाठी शेव-जिलेबी. अलीकडे सापुताऱ्याच्या वाटेवरच्या सुरगाणा तालुक्यात स्ट्रॉबेरी पिकू लागली आहे, तीही या प्रवाहात आली. या व्यवहाराचे मोठे वैशिष्ट्य असे की विकणारी तीच घेणारी असते. सकाळी दोन पायली नागली किंवा भाजीचे वाटे विकून हाती आलेल्या पैशातूनच दुपारी तेल-मीठ घेतले जाते. विक्री लांबली तर खरेदी होत नाही आणि खरेदी न करता घरी जाता येत नाही, कारण पुढचा बाजार आठ दिवसांनी. त्यामुळे सकाळच्या विक्रीला मिळालेला भाव म्हणजे त्या घराच्या आठवड्याचा अर्थसंकल्प. दहा-वीस रुपयांचा फरक शहरातल्या वाचकाला किरकोळ वाटेल. ज्या घराची आठवड्याची रोख उलाढालच काहीशे रुपयांची आहे, तिथे तो फरक तेलाच्या बाटलीएवढा असतो.

बाजार म्हणजे खरेदी-विक्री एवढेच धरले तर त्याचे निम्मे काम नजरेआड होते. त्याच दिवशी बँकेत, तहसिलीत, दवाखान्यात कामे उरकली जातात. लग्नाची बोलणी, देण्याघेण्याचे निवाडे, बोहाड्याची किंवा डोंगऱ्या देवाच्या उत्सवाची तयारी, मुलगी दिलेल्या पाड्यावरची खबरबात, हे सगळे बाजारात होते. मजुरीचे सौदेही होतात. भात-नागलीची सुगी आटोपली की पेठ, सुरगाणा, हरसूल भागातली कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे उतरतात. नाशिकजवळच्या गिरणाऱ्याला त्यांच्यासाठी मजुरांचा बाजारच भरतो. द्राक्षांची छाटणी, विरळणी, काढणी या माणसांच्या हातांवर चालते. जिल्ह्याची श्रीमंत पूर्व बाजू आणि कष्टाळू पश्चिम बाजू यांची गाठ अशी बाजारातच पडते. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी झाली आणि आठवडे बाजार बंद झाले. शहरात अत्यावश्यक वस्तूंची दुकाने ठराविक वेळेत उघडी होती, त्यामुळे शहराचा किराणा अडला नाही. जिथे दुकानच बाजाराच्या रूपाने आठवड्यातून एकदा येते, तिथे मात्र विक्री आणि खरेदी एकाच वेळी थांबली. मोहफुलांचा आणि करवंदांचा हंगाम त्याच दिवसांतला, म्हणजे रानातून मिळणाऱ्या रोखीचा काळही तोच होता. आठवडे बाजाराला अत्यावश्यक सेवा मानण्याची गरज त्या वेळी कुणाला सुचली नाही. धोरण आखणाऱ्यांच्या नजरेत पाड्याच्या बाजाराची जागा कुठे आहे, हे त्यावरून कळते.

एवढ्या महत्त्वाच्या जागेचा कारभार आज कसा चालतो? मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ सालचा. आता तो महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याने ग्रामपंचायतीला आठवडे बाजारात फी आकारण्याचा आणि ती वसूल करण्याचे काम ठेक्याने देण्याचा अधिकार दिला आहे. मग वर्षाचा लिलाव होतो. जास्त बोली लावणारा ठेकेदार पंचायतीला ठरलेली रक्कम देतो आणि वर्षभर बाजारात पावत्या फाडून ती वसूल करतो. पंचायतीच्या दृष्टीने हे सोपे आहे, एकरकमी उत्पन्न आणि कटकट नाही. पण या पद्धतीची दिशा पहिल्यापासून ठरलेली असते. ठेकेदाराने जेवढी बोली लावली तेवढी भरून निघून वर नफा उरला पाहिजे, म्हणून त्याचे हित जास्तीत जास्त माणसांकडून जास्तीत जास्त वसुली करण्यात असते. टेम्पो घेऊन आलेला कापडविक्या आणि जमिनीवर फडके पसरून चार वाटे मांडणारी बाई यांच्यात फरक करण्याचे त्याला कारण नाही. उलट घासाघीस करणाऱ्या व्यापाऱ्यापेक्षा मुकाट पैसे देणारी बाई त्याला सोयीची. बाजाराला सावली, पिण्याचे पाणी, बायांसाठी स्वच्छतागृह मिळणे हे ठेकेदाराचे काम नाही आणि पैसा एकदा पंचायतीच्या सामान्य निधीत गेला की तो बाजारासाठीच खर्च होईल याची हमी नाही. दोष एखाद्या गावाचा किंवा माणसाचा नाही. रचनाच अशी आहे की बाजाराकडे वसुलीची जागा म्हणून पाहिले जाते आणि ज्यांच्या मालावर तो भरतो त्यांना त्यात मत नसते.

या रचनेला पर्याय कायद्यातच आहे. २४ डिसेंबर १९९६ रोजी अमलात आलेला पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठी आहे. १९८५च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार नाशिक जिल्ह्यातले पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तालुके पूर्ण आणि दिंडोरी, इगतपुरी, नाशिक व बागलाण तालुक्यांतली अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. या कायद्यातल्या दोन तरतुदी इथे महत्त्वाच्या आहेत. पहिली गावाच्या व्याख्येची. परंपरेने आपला कारभार चालवणारी एक वस्ती किंवा पाडा किंवा पाड्यांचा समूह म्हणजे गाव, असे कायदा म्हणतो. महसुली नकाशावरचे नाव तो प्रमाण मानत नाही. दुसरी तरतूद चौथ्या कलमातली. कोणत्याही नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावबाजारांचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभा आणि योग्य पातळीवरच्या पंचायती यांना असावा. गौण वनोपजाची मालकी आणि सावकारीवर नियंत्रण हे अधिकारही त्याच यादीत आहेत. म्हणजे पाडा, त्याचे रान, त्याचा बाजार आणि त्याचे कर्ज या चारही गोष्टी कायदा करणाऱ्यांनी एकत्र पाहिल्या. महाराष्ट्राने या कायद्याचे नियम मार्च २०१४मध्ये केले. पाड्यातल्या मतदारांनी ठराव करून आपला पाडा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर व्हावा असा प्रस्ताव उपविभागीय अधिकाऱ्याकडे देण्याची वाट त्यात आहे. २०१५ साली राज्याने आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय घेतला. म्हणजे अधिकार आहे, प्रक्रिया आहे, थोडा पैसाही आहे. वनहक्क, वनोपज, निधी यांवर या काळात बोलले गेले, लढले गेले. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात या डोंगराळ तालुक्यांतली माणसे मोठ्या संख्येने होती आणि वनजमिनीचे हक्क ही त्यांची मुख्य मागणी होती. बाजाराच्या हक्काकडे मात्र कुणी वळले नाही.

त्यातच एक अडचण कारभारातून उभी राहिली आहे. राज्याने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती केल्या, त्यात पेठ, सुरगाणा आणि कळवण यांचाही समावेश झाला. पेसा कायदा ग्रामपंचायतींना लागू आहे, नगरपालिका-नगरपंचायतींना नाही. अनुसूचित क्षेत्रातल्या नागरी संस्थांसाठी वेगळा कायदा करण्याचे विधेयक २००१ साली संसदेत मांडले गेले, पण ते मंजूर झाले नाही. परिणाम असा की ज्या जागी पाड्यांचे मोठे बाजार भरतात, तीच गावे पेसाच्या कक्षेबाहेर गेली. बाजारात येणारी माणसे अनुसूचित क्षेत्रातली, माल अनुसूचित क्षेत्रातला, पण बाजाराचे मैदान नगरपंचायतीचे. बाजार हा पाड्यांचा आहे हे मान्य केले, तर त्याचा कारभार तो भरतो त्या गावठाणाच्या हद्दीवरून ठरवता येत नाही. येणाऱ्या पाड्यांच्या कक्षेवरून तो ठरवावा लागतो. कायद्यातले ‘योग्य पातळीवरच्या पंचायती’ हे शब्द अशा संयुक्त व्यवस्थेला जागा देतात. एका बाजाराच्या कक्षेतल्या ग्रामसभांनी मिळून बाजार समिती नेमावी आणि नगरपंचायतीने मैदानाच्या वापरासाठी तिच्याशी करार करावा, हे अशक्य नाही. ग्रामसभांच्या ठरावावर राज्य शासनाने एक स्पष्ट आदेश काढला तर वाट मोकळी होते.

या मांडणीवर आक्षेप येतील आणि त्यांतला सर्वांत वजनदार आक्षेप इतिहासाचा आहे. बाजार ही आदिवासींच्या शोषणाचीच जागा होती, मग तिचे गोडवे का गायचे? आक्षेप खोटा नाही. खोटी मापे, सुगीआधीच उचल देऊन पीक ठरलेल्या भावात बांधून घेणे, सावकाराची वही, हे सगळे बाजाराच्या आसऱ्याने चालले. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी बाजाराच्याच दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि दख्खनचे दंगे सुरू झाले. पण शोषण नेमके कुठे होते ते पाहिले पाहिजे. ज्या शेतकऱ्याचे पीक आधीच सावकाराकडे बांधलेले असते, त्याला बाजारात दुसरे गिऱ्हाईक शोधण्याची मुभाच नसते. बाजारात पाच व्यापारी असून उपयोग नसतो, कारण त्याचा माल एकाचाच असतो. शोषणाचे मूळ कर्जात आणि एकट्या खरेदीदारात आहे. खुल्या बाजारात ते कमी होण्याचीच शक्यता असते. यावर राज्याने काढलेला उपायही एकट्या खरेदीदाराचाच होता. १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले, त्याचे मुख्यालय नाशिकला आहे. १९७६ साली आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा कायदा झाला आणि एकाधिकार खरेदी सुरू झाली. हेतू उदात्त होता आणि अनेक ठिकाणी व्यापाऱ्याच्या भावाला त्यामुळे आळाही बसला. तरीही एक मर्यादा राहिली. ज्या घरात आजच तेल-मीठ हवे आहे, ते खरेदी केंद्र उघडेपर्यंत आणि पैसे हाती येईपर्यंत थांबू शकत नाही. ते आजच्या बाजारात येईल त्या भावाने विकते. म्हणून बाजार बाजूला ठेवून शोषण संपत नाही. त्यासाठी बाजाराच्या आतच काटा तपासला पाहिजे, भाव फळ्यावर लिहिला पाहिजे आणि खरेदीदार एकाहून अधिक असले पाहिजेत. ही कामे ग्रामसभेची समिती करू शकते. महामंडळानेही आपले खरेदीचे टेबल केंद्रात ठेवण्यापेक्षा बाजाराच्या दिवशी बाजारात मांडले, तर त्याचा आधारभाव विकणाऱ्या बाईपर्यंत त्याच दिवशी पोहोचेल.

दुसरा आक्षेप असा की जिल्ह्यात लासलगाव, पिंपळगाव, नाशिक अशा मोठ्या कृषी उत्पन्न बाजार समित्या असताना या चिल्लर बाजारांची काळजी कशाला? बाजार समित्यांचा कायदा १९६३चा आहे, त्याने शेतकऱ्याला उघड लिलाव आणि अडत-हमालीचे नियम दिले. लासलगावच्या कांद्याचा भाव देशभर ऐकला जातो. पण हे बाजार क्विंटलने बोलतात. दोन पायली नागली घेऊन लिलावात उभे राहता येत नाही आणि गाडीभाडे मालाहून जास्त होते. २०१८च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने हे कबूलही केले. देशातले ८६ टक्क्यांहून अधिक शेतकरी अल्प व अत्यल्पभूधारक आहेत, त्यांना बाजार समित्यांपर्यंत पोहोचणे जमत नाही, म्हणून २२ हजार ग्रामीण हाटांचा विकास करण्याची घोषणा त्यात झाली. महाराष्ट्राने २०१६मध्ये फळे-भाजीपाला नियमनातून मोकळा केला आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. त्या बाजारांचा उपयोग आहे, पण त्यांची दिशा शेतकऱ्याने शहरी गिऱ्हाइकापर्यंत जाण्याची आहे. पाड्याच्या बाजारात दोन्ही बाजू तिथल्याच असतात. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून नागलीची बिस्किटे आणि पीठ शहरात मानाने विकले जाते. ती मागणी पाड्यापर्यंत पोहोचण्याचा पहिला टप्पा आठवडे बाजारच आहे. पाच-दहा घरांची नागली तिथेच एकत्र होऊ शकते, स्वच्छ होऊ शकते आणि एकत्रित भावाने विकली जाऊ शकते. मोठ्या बाजाराला लहान बाजार पूरक आहे, कारण पाड्यावरून निघालेल्या पाटीला थेट मोठ्या बाजाराचा दरवाजा उघडत नाही.

तिसरे म्हणणे काळाचे आहे. रस्ते झाले, मोबाइल आला, रेशनवर धान्य मिळते, पाड्याच्या तोंडाशी दुकान आले, तेव्हा आठवडे बाजार आपोआप संपतील. हे भाकीत नेहमीच केले जाते आणि बाजार ते खोटे ठरवतात. रस्त्यामुळे डोक्यावर पाटी घेऊन चालण्याचे कष्ट कमी झाले आणि काळी-पिवळीत बसून लांबचा पाडाही त्याच दिवशी बाजारात पोहोचू लागला, म्हणजे कक्षा वाढली. पाड्यावरचे दुकान विकते, पण तुमची करवंदे आणि कोंबडी विकत घेत नाही. शिवाय ते उधारीवर चालते, म्हणजे पुन्हा एकाच माणसाच्या वहीत नाव. आणि सोय हवी असलेला माणूस राज्याची सीमाही ओलांडतो. डिसेंबर २०२२मध्ये सुरगाणा तालुक्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी मूलभूत सोयी नसल्याने आपल्याला गुजरातमध्ये सामील करा अशी मागणी केली. माणूस ज्या दिशेने दवाखान्याला आणि बाजाराला जातो, त्या दिशेने त्याचे मनही जाते. डोंगरातल्या विखुरलेल्या वस्तीला बाजाराने उभे ठेवल्याचा अनुभव जगात इतरत्रही आहे. जमैका बेटावर गुलामीच्या काळात मळेवाले गुलामांना स्वतःच्या अन्नासाठी डोंगरउतारावरचे तुकडे कसू देत आणि उरलेले पीक ते रविवारच्या बाजारात विकत. १८३८ साली पूर्ण मुक्ती मिळाल्यावर त्यांनी डोंगरात स्वतंत्र वाड्या वसवल्या, त्या तगल्या त्याचे एक मोठे कारण तयार असलेला बाजार आणि तो चालवणाऱ्या बाया हे होते. मानवशास्त्रज्ञ सिडनी मिंट्झ यांनी जमैका आणि हैतीतल्या या बाजारांचा तपशीलवार अभ्यास केला. कष्टकरी माणसाची स्वायत्तता जमिनीच्या तुकड्याइतकीच बाजारातल्या जागेवर उभी असते, हा त्या अभ्यासाचा धडा आपल्यालाही लागू आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहारी आहे आणि त्याला व्यवहारीच उत्तर दिले पाहिजे. ग्रामसभांना बाजार चालवता येईल का? तिथेही बलवानांचे चालेल, बायांचे कोण ऐकेल? आणि ठेक्याचे उत्पन्न गेले तर पंचायतीने दिवाबत्ती कशावर करायची? पहिल्या प्रश्नाला उत्तर असे की ग्रामसभा निर्दोष नसते, पण ती दिसते. ठेकेदाराचा हिशेब त्याच्या खिशात असतो, समितीचा हिशेब फळ्यावर लिहिता येतो आणि विचारता येतो. बायांचे ऐकले जावे म्हणून समितीत निम्म्या जागा प्रत्यक्ष बाजारात माल विकणाऱ्या बायांना द्याव्यात. बाजारातला बारीकसारीक अनुभव त्यांच्याकडेच आहे. उत्पन्नाच्या प्रश्नाला उत्तर दरांत आहे. टेम्पो, पाल आणि मोठा व्यापारी यांच्याकडून योग्य फी घ्यावी. स्वतः पिकवलेला किंवा रानातून आणलेला माल जमिनीवर मांडून विकणाऱ्याकडून काहीही घेऊ नये. लहान विक्रेत्यांकडून होणारी वसुली गेली तरी पंचायतीचे फार नुकसान होणार नाही, कारण मधल्या ठेकेदाराचा नफाही त्याबरोबर वाचतो. जमलेल्या फीचा ठरलेला वाटा बाजारातच खर्च व्हावा: तपासलेले काटे, सावली, पाणी, बायांसाठी स्वच्छतागृह आणि नाशवंत माल ठेवायला थंड जागा. या सुधारणांना मोठा निधी लागत नाही, जो लागतो तो थेट येणाऱ्या पाच टक्के निधीतून देता येईल.

आर्थिक वर्ष संपत आले की बाजारांचे नवे लिलाव होतात. त्याआधी प्रत्येक बाजाराच्या कक्षेतल्या ग्रामसभांनी पेसाच्या तरतुदीचा उल्लेख करून ठराव करावेत, पंचायत समितीने ते एकत्र करावेत आणि जिल्हा परिषदेने पेठ, सुरगाणा, कळवण आणि त्र्यंबकेश्वर या चार तालुक्यांत प्रत्येकी एक बाजार ठेका न देता समितीकडे सोपवून एक वर्ष पाहावा. आदिवासी विकास आयुक्तालय आणि आदिवासी विकास महामंडळ ही दोन्ही कार्यालये नाशिकमध्येच आहेत, त्यामुळे हा प्रयोग पाहायला आणि सुधारायला दूर जावे लागणार नाही. वर्षाअखेर वसुली किती झाली, लहान विक्रेत्यांचा किती पैसा वाचला, काट्यांच्या किती तक्रारी आल्या आणि मिटल्या, हे सगळे ग्रामसभेसमोर मांडावे. त्यात उणीव दिसली तर ती दुरुस्त करावी, पण ठेक्याकडे परत जाऊ नये. ज्या पाड्यांनी दीडशे वर्षे सावकार, संस्थानिक, सरकार आणि ठेकेदार अशा सगळ्यांच्या अटींवर बाजार केला, त्यांना स्वतःच्या अटींवर बाजार भरवण्याचा हक्क आहे. कायदा तो हक्क देऊन मोकळा झाला आहे. आता तो बजावण्याची जबाबदारी ग्रामसभांची आणि त्यांना साथ देण्याची जबाबदारी जिल्ह्याच्या प्रशासनाची आहे.